इम्प्रेशनच्या खाली काय लिहायचं

"मॅडम, आहे की नाही, तेवढंच सांगा."

फोनवर सर्जन. पेशंट पन्नाशीतला, हर्नियाचं ऑपरेशन ठरलेलं, भूल देण्याआधीचा नेहमीचा छातीचा एक्स-रे. त्यात उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात एक गोल सावली, साधारण आठ मिलिमीटरची. मी रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की ही गाठ असू शकते, स्तनाग्राची सावलीही असू शकते, स्तनाग्रांवर मार्कर (धातूचे बारीक मणी) लावून फिल्म परत काढा. सर्जनना यातलं काही नको होतं. त्यांच्यासमोर पेशंटचा मुलगा बसला होता आणि त्याला घरी फोन करून एकच शब्द सांगायचा होता.

मी रेडिऑलॉजिस्ट. वीस वर्षं अंधाऱ्या खोलीत बसून सावल्या बघते. (गुहेत बसून भिंतीवरच्या सावल्यांनाच खरं जग समजणाऱ्या माणसांची गोष्ट प्लेटोने सांगितली; त्या गुहेवरचा विनोद मला प्रत्येक वाचणाऱ्या मित्राने ऐकवून झालाय, तेव्हा तो राहू द्या.) आमच्या रिपोर्टला दोन मजले असतात. वर 'फाइंडिंग्ज', म्हणजे जे दिसलं ते. खाली 'इम्प्रेशन', म्हणजे दिसलं त्यावरून जे वाटलं ते. वरचा मजला सहसा कुणी वाचत नाही. खालच्या मजल्यावर आम्ही 'बहुधा', 'सूचित होते', 'नाकारता येत नाही' असली भाषा वापरतो आणि त्यावरून शिव्या खातो.

ग्रीक संशयवाद्यांबद्दल वाचायला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात या शब्दाला ठेच लागली. स्टोइक लोक (अथेन्समधला तत्त्वज्ञांचा एक पंथ) ज्याला 'फांतासिया' म्हणत, त्याला इंग्रजी पुस्तकांत सर्रास 'इम्प्रेशन' म्हणतात. मेणावर अंगठी दाबावी तसा वस्तूचा मनावर उमटलेला ठसा. आणि अथेन्समध्ये जवळजवळ दोनशे वर्षं वाद चालला तो नेमका याच्यावर: ठसा उमटला, ठीक, पण त्याच्या खाली सही कधी करायची?

स्टोइक पंथाचा संस्थापक झेनो हे हाताने करून दाखवायचा. रोमन लेखक सिसेरोने ते नोंदवून ठेवलंय. पंजा उघडा समोर धरायचा: हा ठसा. बोटं थोडी मिटायची: ही संमती, म्हणजे ठशाखालची सही. मग मूठ वळायची: ही पकड, 'काटालेप्सिस'. शेवटी दुसऱ्या हाताने ती मूठ गच्च आवळायची आणि सांगायचं, हे ज्ञान, आणि ते फक्त शहाण्या माणसाकडे असतं. मी हे आरशासमोर करून पाहिलं. चौथ्या पायरीला माणूस कुणाला तरी ठोसा द्यायला निघाल्यासारखा दिसतो.

झेनोचं म्हणणं असं की काही ठसे इतके स्वच्छ असतात की ते खोटे असूच शकत नाहीत. त्याच्यासमोर उभा राहिला आर्केसिलाउस. हा पितानेचा माणूस, इ.स.पू. 268 च्या सुमारास प्लेटोने काढलेल्या शाळेचा, अकॅडमीचा, प्रमुख झाला आणि त्याने त्या जुन्या संस्थेला प्रश्न विचारण्याच्या मूळ सॉक्रेटिसी वळणावर आणलं. झेनोची आधीची व्याख्या दोन कलमी होती: ठसा खऱ्या वस्तूपासून आलेला असावा आणि त्या वस्तूबरहुकूम असावा. आर्केसिलाउसने विचारलं, आणि हुबेहूब तसाच ठसा खोट्या वस्तूपासून आला तर? झेनोला तिसरं कलम घालावं लागलं: असा ठसा, जो खोट्यापासून येऊच शकत नाही. झालं. मग पुढची सगळी लढाई त्या तिसऱ्या कलमावर.

अकॅडमीवाले अंडी पुढे करायचे, जुळी भावंडं पुढे करायचे. दोन अंड्यांतला फरक सांगा. स्टोइक म्हणायचे, तुम्हाला नसेल सांगता येत. डेलॉस बेटावर कोंबड्या पाळणारे लोक आहेत, ते अंडं बघून कोणत्या कोंबडीचं ते सांगतात. माझे आवडते म्हणजे स्फेरसचे डाळिंब. हा स्टोइक तत्त्वज्ञ इजिप्तच्या टॉलेमी राजाच्या दरबारी होता. राजाने मेणाची डाळिंबं ठेवली, स्फेरस फसला, राजा ओरडला की बघा, खोट्या ठशाला संमती दिली! स्फेरसने पटकन सांगितलं: ही डाळिंबं आहेत याला मी संमती दिली नव्हती, ही डाळिंबं असणं सयुक्तिक आहे, याला दिली होती. माझ्या धंद्यातल्या कुणीही त्याला तिथल्या तिथे नोकरी दिली असती.

मला तिसऱ्या कलमातलं छिद्र कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी एका फिल्मवर 'नॉर्मल' लिहिलं. एकच शब्द, पुढे मागे काही नाही. चार महिन्यांनी त्याच माणसाचा सीटी झाला आणि हृदयाच्या सावलीमागे लपलेली गाठ निघाली. जुनी फिल्म परत काढून बघितली तर तिथे ती होती, कळल्यावर दिसते तशी. त्या दिवशी मी काय चुकले हे आठवायचा खूप प्रयत्न केला. त्रास याचा झाला की आठवण्यासारखं काही नव्हतं. त्या सकाळी मी आणखी तीसेक फिल्मवर 'नॉर्मल' लिहिलं होतं आणि त्या नॉर्मलची खात्री आणि या नॉर्मलची खात्री आतून अगदी एकसारखी होती. अंड्याला अंडं.

आता आर्केसिलाउसचं ऐकायचं तर कशालाच संमती द्यायची नाही. मग जगायचं कसं, हा स्टोइकांचा उलटा टोला, आणि तो बिनतोड वाटतो. भिंत आहे की दार हे ठरवलं नाहीस तर खोलीबाहेर कसा पडशील? आर्केसिलाउसने 'जे सयुक्तिक वाटतं त्याप्रमाणे वागावं' असं काहीतरी उत्तर दिलं. नीट उत्तर आलं ते शंभर वर्षांनी, कार्निआडीसकडून.

कार्निआडीस (इ.स.पू. 214 ते 129 च्या आसपास) सायरीनीचा. आवाज इतका मोठा की व्यायामशाळेच्या प्रमुखाने निरोप पाठवला, जरा हळू. हा म्हणाला, आवाजाचं माप दे. उत्तर आलं, समोर बसलेत ते ऐकणारेच माप. स्टोइकांचा मोठा पंडित क्रिसिपस याच्यावर त्याने आयुष्यभर हल्ले चढवले आणि वर स्वतःच कबूल केलं की क्रिसिपस नसता तर मी नसतो.

त्याचा शब्द 'पिथानोन'. पटण्याजोगं. सिसेरोने लॅटिनमध्ये त्यासाठी 'प्रोबाबिले' निवडला. आम्ही लिहितो तो 'प्रॉबेबल' त्याच घराण्यातला. त्याने पटण्याच्या तीन पायऱ्या लावल्या. नुसतं पटणारं. पटणारं आणि आजूबाजूच्या कशाशी न भांडणारं. आणि पटणारं, न भांडणारं, शिवाय सगळ्या बाजूंनी तपासलेलं. किरकोळ गोष्टीला पहिली पायरी पुरे, मोठ्या गोष्टीला दुसरी, आयुष्याचं सुख ज्यावर टांगलंय तिथे तिसरी. वेळच नसेल तर? शत्रू मागे लागलेत, समोर खंदक, आतही कुणी दबा धरून बसल्यासारखं वाटतंय: तपासत बसू नका, वळा. रात्री अडीचला अपघाताचा पेशंट आला की आम्ही हेच करतो.

आणि त्याचं उदाहरण वाचलं तेव्हा मी खुर्चीत सरसावून बसले. अंधारी खोली. वेटोळं घातलेला दोर. माणसाला वाटतं साप. अहो, हा तर आपला रज्जुसर्प! पण वेदान्ती त्या दोरावरून थेट ब्रह्मापर्यंत जातात. हा माणूस खोलीतच थांबतो. आधी उडी मारून पलीकडे जातो. मग मागे वळून बघतो: हलत नाही. म्हणजे साप नसावा. पण थांबा, थंडीने गारठलेला सापही हलत नाही. मग काठी घेतो आणि टोचतो. तरी हलत नाही. आता तो मान्य करतो, साप नाही. मार्कर लावून परत काढलेली फिल्म म्हणजे ती काठी. हे मी सर्जनना फोनवर सांगू शकत नव्हते, पण सांगावंसं फार वाटलं.

इ.स.पू. 155 मध्ये अथेन्सने ओरोपस शहर लुटल्याबद्दल झालेला 500 टॅलेंटचा (टॅलेंट म्हणजे तेव्हाचं पैशाचं मोठं माप) दंड कमी करून घ्यायला रोमला तीन तत्त्वज्ञ पाठवले. त्यात कार्निआडीस होता. तिथे त्याने एक दिवस न्यायाची बाजू मांडली, दुसऱ्या दिवशी तीच उलटवली. रोमनांना खरंच न्यायाने वागायचं तर जिंकलेलं सगळं परत करून झोपड्यांत जावं लागेल, इथपर्यंत गेला. तरुण पोरं खुळावली. म्हातारा केटो सिनेटला म्हणाला, यांचं काम उरका आणि यांना घरी धाडा. दंड 100 टॅलेंटवर आला म्हणतात. म्हणजे भाषणं अगदीच वाया गेली नाहीत.

कार्निआडीसने काही लिहिलं नाही. आर्केसिलाउसनेही नाही. त्याचा परिणाम असा की कार्निआडीसचा पट्टशिष्य क्लिटोमाकस, मूळचा कार्थेजचा हास्द्रुबल, चारशेहून जास्त ग्रंथ लिहून बसला आणि तरी म्हणाला की गुरूंना स्वतःला नेमकं काय पटत होतं ते मला कधीच कळलं नाही. दुसरा शिष्य मेट्रोडोरस म्हणाला, मला एकट्यालाच कळलंय. घराणी अशीच फुटतात.

अकॅडमीचं घराणंही फुटलं. इ.स.पू. 88 मध्ये लढाईच्या धामधुमीत तिचा प्रमुख फिलो रोमला पळाला. दोन वर्षांनी रोमन सेनापती सुलाने अथेन्स घेतलं, आणि त्या वेढ्यात यंत्रं बनवायला अकॅडमीच्या राईतली झाडं तोडली. फिलोने रोममध्ये लिहिलं की वस्तू कळू शकतात, फक्त स्टोइकांच्या कसोटीने नाही. ते वाचून त्याचा जुना शिष्य अँटिओकस भडकला आणि उलट पुस्तक लिहिलं, आणि शेवटी स्वतःच निम्मा स्टोइक होऊन बसला. याच सुमारास एनेसिडेमस नावाचा एकजण वैतागून बाहेर पडला. हे अकॅडमीवाले, विशेषतः आत्ताचे, म्हणजे स्टोइकांशी भांडणारे स्टोइकच, असं त्याचं म्हणणं. त्याने नवं दुकान काढलं आणि पाटीवर नाव लावलं दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाचं: पिरो.

पिरो एलिसचा. आधी चित्रकार, तोही बेताचा. अलेक्झांडरच्या स्वारीबरोबर भारतापर्यंत येऊन गेला, इथल्या नग्न साधूंना भेटला, परत गेला, आणि दाई असलेल्या बहिणीबरोबर, फिलिस्टाबरोबर, राहिला. कोंबड्या, डुकराची पिल्लं बाजारात नेऊन विकायचा, घर झाडायचा, डुक्कर धुवायचा. जहाज वादळात सापडलं तेव्हा सगळे घाबरलेले, हा शांतपणे खात उभ्या असलेल्या डुकराच्या पिल्लाकडे बोट दाखवून म्हणाला, शहाण्याने असं राहावं. गाड्या, कडे, कुत्री कशाचीच तो पर्वा करत नसे आणि मित्र त्याला सांभाळत मागून चालत, अशीही कथा आहे. एनेसिडेमस ती झिडकारतो: तत्त्वज्ञानात संमती थांबवायचा, रस्त्यात नाही. माणूस नव्वदीपर्यंत जगला, यावरून मला एनेसिडेमसचं पटतं. तिसरी कथा मला सगळ्यांत खरी वाटते. एकदा कुत्रा अंगावर आला तेव्हा पिरो घाबरून झाडावर चढला. लोक हसले. तो म्हणाला, माणूसपण सगळं अंगावरून उतरवून ठेवणं अवघड असतं.

या पिरोपंथीयांचं पुस्तक आपल्यापर्यंत आलं ते सेक्स्टस एम्पिरिकसमुळे, साधारण इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला, आणि धंद्याने डॉक्टर. पुस्तकाच्या तोंडालाच तो जगाच्या तीन वाटण्या करून टाकतो: काहींना सत्य सापडलंय असं वाटतं, अकॅडमीवाले म्हणतात ते सापडूच शकत नाही, आणि आम्ही, अजून शोधतोय. 'स्केप्टिकोस' म्हणजे शोधणारा, निरखून बघणारा. आपण त्याला 'संशयवादी' करून फार अन्याय केलाय. आपल्याकडे संशय म्हणजे पिशाच्च; शिवाय गीतेने 'संशयात्मा विनश्यति' म्हणून निकालच लावलेला.

तर भांडण हे: 'काही कळू शकत नाही' हेही एक ठाम विधान झालं, आणि ते केलं की तुम्ही संशयवादी राहिलाच नाही. ऑलुस गेलियस नावाच्या रोमन लेखकाने हा फरक दोन ओळींत टिपून ठेवलाय आणि आजही बहुतेक पुस्तकांत तोच उतरवतात.

मला तो सेक्स्टसचा कांगावा वाटतो. आर्केसिलाउसने स्वच्छ सांगितलं होतं की सॉक्रेटिसला निदान 'मला काही माहीत नाही' एवढं तरी माहीत होतं, मला तेही माहीत नाही. म्हणजे हे कलम त्याने चारशे वर्षं आधीच घालून ठेवलं होतं. सेक्स्टसला हे ठाऊक नव्हतं असंही नाही. पुस्तकात पुढे तोच कबूल करतो की आर्केसिलाउसचा मार्ग जवळपास आमचाच. आणि कबूल केल्यावर राहवत नाही म्हणून जोडून देतो की बाहेर संशय, पण निवडक हुशार शिष्यांना आतल्या खोलीत प्लेटोचे सिद्धान्तच शिकवायचा, असं लोक म्हणतात. लोक म्हणतात! सत्याबद्दल संमती थांबवणारा माणूस कुचाळकीला मात्र जागा देतो.

खरा फरक मला दुसरीकडे दिसतो. कार्निआडीस म्हणतो, हे मला जास्त पटतं, ते कमी. सेक्स्टस म्हणतो, पटणं बिटणं नाही. मध मला गोड लागतो हे कबूल, तो मुळात गोड आहे का यावर मी बोलत नाही. तो दिसेल त्याप्रमाणे, भूक लागेल त्याप्रमाणे, चालीरीतीप्रमाणे आणि शिकलेल्या कसबाप्रमाणे जगतो. आणि हे सगळं त्याला हवंय मनाच्या शांतीसाठी. त्याची गोष्ट अपेलीस चित्रकाराची: घोड्याच्या तोंडाचा फेस काही केल्या जमेना, चिडून त्याने रंग पुसायचा स्पंज चित्रावर फेकला आणि तिथे हुबेहूब फेस उमटला. निकाल द्यायचा हट्ट सोडला की शांती अशी आपोआप येते म्हणे.

गोष्ट सुंदर आहे. माझ्या कामाची नाही. मला शांती मिळाली तर पेशंटला काय? स्पंज फेकून रिपोर्ट होत नाही. कार्निआडीसच्या पायऱ्या मी रोज चढते. सेक्स्टसकडे मी सुट्टीच्या दिवशी जाते. तरी एक गोष्ट मला त्याच्याबद्दल राहून राहून आवडते. 'एम्पिरिकस' म्हणजे अनुभववादी वैद्यांच्या पंथाचा. त्या वैद्यांचं मत की रोगाची लपलेली कारणं कळू शकत नाहीत. आणि सेक्स्टस पुस्तकात लिहितो की हे ठामपणे म्हणणाऱ्या पंथाशी संशयवाद्याचं जुळत नाही, त्यापेक्षा 'मेथडिक' वैद्य बरे, ते कळतं म्हणत नाहीत आणि कळत नाही असंही म्हणत नाहीत. ज्या पंथाचं नाव लावतो त्यालाच त्याने तोच चाबूक मारला, जो अकॅडमीला मारला होता. इथे मी त्याला मानलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेशंटची फिल्म परत झाली. दोन्ही बाजूंना चिकटपट्टीने लावलेले धातूचे बारीक मणी. डाव्या मण्याखाली काही नाही. उजवा मणी बरोबर त्या गोल सावलीच्या मधोमध.

"स्तनाग्राची सावली आहे," मी सर्जनना सांगितलं. 'आहे' म्हटलं, काठीने टोचून झालं होतं.

"म्हणजे गाठ नाहीये."

"दिसत नाही."

ते हसले, किंवा वैतागले, फोनवर कळलं नाही. फोन ठेवला आणि फिल्म बंद करण्याआधी सवयीप्रमाणे मी हृदयाच्या मागे एकदा बघून घेतलं.